पाच पांढरे फिल्टर

सोमवारी सकाळी मैत्री उजगरेने आठवा फिल्टर तराजूवरून उचलला, तेव्हा तिला वाटलं की आपल्याकडून खोक्यांची अदलाबदल झाली.

तराजू ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वजन दाखवतो. तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यामागे हवा तपासणारी प्रयोगशाळा आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर ग्रॅनाइटच्या जाड लादीवर तो ठेवलेला असतो. खालून कंटेनर गेला की आकडा थरथरतो. मैत्री चिमटा खाली ठेवते, कंटेनर जाऊ देते, आकडा स्थिर झाला की लिहिते. सहा वर्षं ती हे करते आहे आणि सहा वर्षांत तिच्याकडून खोक्यांची अदलाबदल झालेली नाही.

हे आठ फिल्टर कृष्णाकाठच्या एका पेटवलेल्या उसाच्या फडातून आले होते. तोडणी मजुरांच्या टोळ्या कमी पडल्या की शेतकरी तोडणीआधी फड पेटवतात. पाचट जळून जातं, ऊस उभा राहतो, तोड झपाट्याने होते. त्या काळ्या फडात दिवसभर वाकून काम करणाऱ्यांच्या नाकापाशी किती धूळ आणि काजळी असते, हे मोजायचं काम प्रयोगशाळेकडे आलं होतं. प्रत्येक मजुराच्या कमरेला साबणाच्या डबीएवढा पंप, पाठीवरून नळी आणि कॉलरला अडकवलेली छोटी कॅसेट. कॅसेटमध्ये दहाच्या नाण्याहून थोडा मोठा, गोल, पांढरा फिल्टर. पंप हवा ओढतो, कण फिल्टरवर बसतात. नंतरच्या वजनातून आधीचं वजन वजा केलं की उत्तर मिळतं.

तीन फिल्टर तव्याच्या बुडासारखे काळे होते. पाच जवळजवळ पांढरे.

मैत्रीने क्रमांक फडावरच्या नोंदीशी ताडून पाहिले. काळे तिन्ही पुरुषांचे होते, पांढरे पाचही बायकांचे. पुरुषांच्या फिल्टरवर सरासरी अकराशे चाळीस मायक्रोग्रॅम, बायकांच्या फिल्टरवर एकशे साठ. एकच फड, एकच दिवस, तेच पाच तास.

प्रयोगशाळेचे प्रमुख नंदकुमार पाध्ये यांनी आकडे पाहिले आणि मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"पुरुष कोयता चालवतात, बायका मागे मोळ्या बांधतात. बुंध्यापाशी वाकणाऱ्याला जास्त लागणार. बरोबर आहे."

"सर, सात पट?"

"फडात फरक पडतो. लिहून टाक, मी मसुदा करतो. गुरुवारी समितीकडे द्यायचाय."

दुपारपर्यंत मसुदा झालाही. समिती ऊसतोड मजुरांसाठी नियम बनवणार होती. त्या नियमांना हा अहवाल जोडला जाणार होता. मसुद्यात सातव्या पानावर एक वाक्य होतं: महिला मजुरांचा काजळीशी संपर्क अत्यल्प असल्याने श्वसनसंरक्षणाची तरतूद प्रत्यक्ष तोडणी करणाऱ्या पुरुषांपुरती पुरेशी ठरेल.

मैत्रीने ते वाक्य दोनदा वाचलं. तिचे आईवडील बीडहून अकरा हंगाम ऊस तोडायला गेले होते. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात, पण कोयते दोघांच्याही हातात असतात. हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं म्हणजे मोजमाप नव्हे, हेही माहीत होतं. ती पुन्हा वजनखोलीत गेली.

तिने पाच पांढरे फिल्टर एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दुसऱ्यावर एक गुलाबी धागा होता, केसाहून बारीक. तिसऱ्यावर दोन हिरवे. पाचव्यावर पुन्हा गुलाबी. काळ्या फिल्टरांवर एकही नाही.

तिने फडावर असलेल्या ऋषीला फोन लावला. ऋषी पंप लावणारा, काढणारा, नोंदी ठेवणारा; सत्तावीस वर्षांचा, खारघरचा.

"ऋषी, बायकांच्या कॅसेट कॉलरलाच होत्या ना?"

"हो मॅडम. नाकापासून एक फुटाच्या आत. शीटवर लिहिलंय."

"शीट समोरच आहे. दर तासाला 'ठीक' लिहिलंयस. जवळ जाऊन बघितलंस?"

पलीकडे गाडीच्या एसीचा आवाज येत होता.

"मॅडम, मी काय करणार? बायकांच्या कॉलरला हात लावणार? त्यांचे नवरे कोयते घेऊन बाजूला उभे. एका माणसाला लावून दाखवलं, सांगितलं असंच लावा. त्यांनी आपापलं लावलं. पंपाचा हिरवा दिवा लांबून, गाडीतूनही दिसतो, तो मी चेक करत होतो."

"आणि काढताना?"

"त्यांनीच काढून दिले. एकदम स्वच्छ, पुसून. पुरुषांचे माझे मलाच पुसावे लागले. बायका नीट वापरतात मॅडम, मानलं पाहिजे."

मैत्रीने "मानलं पाहिजे" हे शब्द वहीच्या कडेला लिहिले आणि खाली रेघ मारली.

संध्याकाळी तिने एक रिकामा पंप रीतसर नोंद करून घरी नेला. घर तुर्भे नाक्यापलीकडच्या वस्तीत, पत्र्याच्या वरच्या खोलीत. आई दुर्गाबाई कांदा-बटाटा मार्केटमध्ये कांदा निवडायला जाते. ती नुकतीच आली होती, पाय धूत होती.

"आई, हे बघ. समज तू फडात आहेस. एका साहेबानं हे दिलं, म्हणाला दिवसभर अंगावर ठेवा. कसं ठेवशील?"

"कशाचं हाय?"

"हवा मोजायचं."

"हवा मोजायची? मग मोजा की. आमच्या अंगावर कशापाई?" दुर्गाबाईने हात पुसून पंप उलटापालटा करून पाहिला. "लई महागाचं दिसतंय."

"आहे महाग."

"मंग थांब."

तिने खुंटीवरचा जुना सदरा साडीवरून घातला, फडात जाताना घालायची तसा. पंप कमरेला बांधला. कॅसेट कॉलरला लावली. मैत्रीने सांगितलं होतं तिथेच, बोटभरही इकडेतिकडे नाही. मग गुलाबी ओढणी घेतली, डोक्यावरून एक वेढा, गळ्याभोवती दोन, आणि टोक सदऱ्यात खोचून टाकलं. कॅसेट कापडाच्या चार पदरांखाली गेली.

मैत्रीने मोबाइलवर फोटो काढला.

"आई, ती झाकली का?"

"मंग? काळी होईल की! फड पेटवलेला आसंल तर माणूस वळखू येत न्हाई, आन् ही पांढरी डबी उघडी ठेवू? मुकादम म्हनंल, लोकाची वस्तू घेतली आन् नास केला. हिसाबातनं कापंल."

"नाक कुठं झाकलंस?"

"नाक झाकल्यावर वाकून काम व्हतंय व्हय? दम पुरत न्हाई. तोंडावर घ्यावं, जरा वाकलं की खाली येतंय, मग ऱ्हातंय तसंच." तिने हनुवटीखाली हात नेला. "पेटवल्याल्या फडातनं आलं की आठ-आठ दिस शेंबूड काळा. तुझ्या बापाचा बी आन् माझा बी. त्याचा जास्त आन् माझा कमी आसं काय नव्हतं."

मंगळवारी सकाळी मैत्रीने फोटो, धाग्यांच्या नोंदी आणि ऋषीचं म्हणणं नंदकुमारांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"तुझी आई?"

"हो सर."

"आईचं म्हणणं पद्धतीत बसत नाही, मैत्री. मला पाच नमुने बाद करायचे तर कारण लागेल. फोटो हे कारण नाही. तो फडावरचा नाही." त्यांनी फोटो परत दिला. "आणि दुसरी गोष्ट. कापडाखाली कमी कण येतात, असं तू म्हणतेस. पण मग त्या बायकाही कापडाखालचीच हवा घेतात ना? मग आकडा खरा का नाही?"

प्रश्न योग्य होता. मैत्री रात्री तोच विचार करत झोपली होती.

"सर, कापड गळ्याला आहे, नाकाला नाही. कॅसेटवर चार पदर, नाकावर एकही नाही. कॅसेटनं जी हवा घेतली ती त्यांनी घेतलेली नाही."

"हे तू बघितलंस की आईनं सांगितलं?"

"दोन्ही. मोजून दाखवते. उद्या आईला दोन पंप लावते, एक ओढणीवर, एक ओढणीखाली. ती मार्केटात कांदा निवडते, तिथं धूळ भरपूर आहे. चार तास. गुरुवारी दुपारी वजन सांगते."

"गुरुवारी अहवाल द्यायचाय."

"ऋषी म्हणतो, शेवटचा पेटवलेला फड शनिवारी तोडणार. रविवारी साखर कारखाना बंद होतोय. त्यानंतर पुढच्या हंगामापर्यंत काही मोजता येणार नाही आणि सातवं पान तसंच जाईल."

नंदकुमारांना निवृत्त व्हायला चौदा महिने उरले होते. इतक्या वर्षांत त्यांनी समितीकडे मुदत मागितली नव्हती. त्यांनी चष्मा काढला.

"गुरुवारी बारा वाजता आकडे टेबलावर पाहिजेत. मग फोन करायचा की नाही ते ठरवू. आणि मार्केटात तू स्वतः उभी राहा. 'ठीक' लिहून चालणार नाही."

बुधवारी सकाळी सात वाजता मैत्री कांद्याच्या गाळ्यात एका रिकाम्या गोणीवर वही घेऊन बसली. दुर्गाबाईच्या डाव्या कॉलरवर एक कॅसेट ओढणीच्या वर, उजवीकडे दुसरी ओढणीखाली. दोन नळ्या पाठीमागे गेलेल्या. गोणी उलटली की टरफलं आणि माती उडायची आणि उन्हाच्या तिरिपेत बराच वेळ तरंगत राहायची. ढिगाच्या पलीकडून सोनम नावाची निवडणारी मुलगी सारखी मान वर करून पाहत होती.

"मावशी, काय गं हे? ऑक्सिजन लावला का? सीरियस हायेस काय?"

"तुझ्यापेक्षा बरी हाय. हात चालव."

"नाय, दोन दोन नळ्या! एक मला दे की. आमाला पन फुकटची हवा."

"फुकटची तर घेतीसच की रोज. ही मोजून घेत्यात. माझी लेक मोजतीय."

"तुज्या लेकीला सांग, माजा पगार पन मोज म्हनावं."

गाळ्यातले सगळे हसले. मैत्रीही हसली आणि घड्याळ पाहून लिहिलं: ७.३०, दोन्ही कॅसेट जागेवर, स्वतः पाहिल्या. साडेआठला ओढणी एकदा सुटली. दुर्गाबाईने ती सवयीने दोन्ही कॅसेटवरून ओढली आणि मग स्वतःच "अगं बया" म्हणत वरची उघडी केली. मैत्रीने तेही लिहिलं: ८.३४, सुमारे दहा सेकंद. अकराला पंप बंद केले. दुर्गाबाईने वरची कॅसेट काढली, पदर हातात घेतला आणि पुसायला लागली.

"आई, नको!"

"बरं बाई. मळकीच ने."

फिल्टर एक दिवस ठरावीक तापमानाच्या आणि कोरड्या हवेच्या कपाटात ठेवावे लागतात, नाहीतर हवेतल्या ओलीचंही वजन होतं. गुरुवारी साडेअकराला मैत्रीने ते काढले. खालून दोन कंटेनर एकामागून एक गेले. ती थांबली. मग वजन केलं, पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. ओढणीवरचा फिल्टर चारशे बारा मायक्रोग्रॅमनी जड झाला होता. ओढणीखालचा एकाहत्तर. आणि खालच्यावर, कडेला, एक गुलाबी धागा.

नंदकुमारांनी स्वतः येऊन सूक्ष्मदर्शकातून धागा पाहिला. मग फडावरच्या दुसऱ्या क्रमांकाचा फिल्टर मागितला, त्याच्यावरचा धागाही पाहिला. ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून समितीला फोन केला. बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"पुढचा गुरुवार. त्यापुढे एक दिवस नाही. ऋषीला सांग, शनिवारी पुन्हा."

ऋषीने ऐकून घेतलं. तासाभराने त्याचाच फोन आला. "मॅडम, मी सांगेन हो, पण ऐकणार कोण? आत्ताच बायकांशी बोललो. म्हणतात, बाहेर लावली तर खराब होईल, मग तुमी आमालाच बोलणार. मी म्हटलं काही होत नाही, टेन्शन घेऊ नका. त्या नुसत्या हसतात. तिथं लंकाबाई म्हणून एक आहे, तिचं सगळ्या ऐकतात. ती नाही म्हणाली की विषय संपला."

"तिला फोन देशील? शुक्रवारी संध्याकाळी, काम सुटल्यावर. माझी आई बोलेल."

शुक्रवारी सात वाजता फोन आला. मैत्रीने तो स्पीकरवर टाकून आईपुढे धरला.

"राम राम," पलीकडून आवाज आला. मागे चुलीवर काहीतरी फोडणीला पडल्याचा आवाज होता.

"जय भीम ताई. मी दुर्गाबाई. मशीनवाल्या पोरीची आई. कोन्या गावच्या तुमी?"

"धारूर तालुका."

"आमी केजचे! अकरा वर्सं तोडलाय म्या."

"मंग तुमाला काय सांगायचं," लंकाबाई म्हणाली. "उद्या पेटवल्याला फड हाय. ते पोरगं म्हनतंय डबी उघडी ठेवा. दुपारपातूर डबीचा कोळसा होतोय. आमाला काय, बांधू तिथं. पर उद्या कुनी म्हनलं, बायांनी मशीन बिघडवली?"

"ताई, मला बी तसंच वाटलं. म्या बी झाकली. घरात झाकली बघा, फडात न्हाई काय न्हाई." दुर्गाबाई स्वतःशीच हसली. "पर ती डबी काळी व्हायलाच दिलीया. काळी झाली तरच तिचं काम झालं. तुमी झाकली, ती पांढरी ऱ्हायली, आन् हितं साहेबानं लिवलं, बायांना धूर लागतच न्हाई."

"आसं लिवलं?"

"म्या वाचलं न्हाई, मला येत न्हाई. माझ्या लेकीनं वाचलं."

"धूर लागत न्हाई म्हनं," लंकाबाई मागे कुणाला तरी म्हणाली. तिथून दोन-तीन बायकांचा एकदम आवाज झाला, शब्द कळले नाहीत. मग ती पुन्हा फोनवर आली. "लिवणाऱ्याला म्हनावं एक दिस मोळी उचल डोक्यावर. बरं. उघडी ठेवतो. आन् पुसायची बी न्हाई का?"

"पुसायची बी न्हाई."

"ह्ये आवघड हाय," लंकाबाई म्हणाली.

शनिवारी ऋषी गाडीत बसून राहिला नाही. त्याला पाठवलेल्या नव्या शीटवर मैत्रीने एक रकाना वाढवला होता: कॅसेट कापडाच्या वर, स्वतः पाहिली. बायकांच्या कॅसेट लंकाबाईने एकेकीच्या कॉलरला लावल्या आणि दर तासाला तिनेच पाचही जणींना बांधावर आणून त्या दाखवल्या. ऋषीने प्रत्येक ओळीत वेळ लिहिली. शेवटच्या ओळीत, कुणी न सांगता, त्याने लिहिलं: न पुसता मिळाल्या.

खोकं सोमवारी तुर्भ्याला आलं. मंगळवारी मैत्रीने आठ फिल्टर एका ओळीत लावले. नावं झाकली असती तर पुरुषाचा कुठला आणि बाईचा कुठला, ते डोळ्यांनी सांगता आलं नसतं. तराजूने थोडं सांगितलं. पुरुषांची सरासरी अकराशे वीस. बायकांची बाराशे साठ. सगळ्यांत जड लंकाबाईचा, तेराशे ऐंशी.

"बायकांचा जास्त कसा?" नंदकुमारांनी विचारलं.

"तोडतात त्याही. शिवाय मोळ्या डोक्यावरून नेतात. उसाला चिकटलेली काजळी वरून कॉलरवर पडते. लंकाबाई म्हणाली होती, मोळी उचलून बघा. पण पाचच नमुने आहेत सर. जास्त आहे, असं लिहू नका."

"मग काय लिहू?"

"पुरुषांपेक्षा कमी असल्याचं आढळलं नाही."

नंदकुमारांनी सातव्या पानावरचं जुनं वाक्य खोडलं, हे वाक्य लिहिलं आणि श्वसनसंरक्षणाची तरतूद सगळ्या मजुरांसाठी असावी, असं पुढे जोडलं. परिशिष्टात आधीचे पाच नमुने बाद म्हणून दाखवायचे होते. कारणाच्या चौकटीत मैत्रीने लिहिलं: कॅसेट कापडाखाली. यंत्र मळू नये म्हणून झाकलेली. नंदकुमारांनी ते वाचलं, पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. ओळ तशीच गेली. अहवाल गुरुवारी सकाळी साडेनऊला समितीकडे पोहोचला.

त्या संध्याकाळी दुर्गाबाई दारात बसून सदऱ्याची बटणं शिवत होती.

"झालं तुमचं?"

"झालं. बायकांनापण लागतो, असं लिहिलं."

"एवढं लिवायला दोन हप्ते." तिने दोरा दातांनी तोडला. "आन् माझं किती भरलं? त्या कांद्याचं?"

मैत्रीने सांगितलं. चार तासांत चारशे बारा. फडात पाच तासांत बाराशे साठ.

दुर्गाबाईने थोडा वेळ हिशेब केला, बोटांवर नाही, मनात.

"म्हंजी कांदा बरा."

"बरा नाही आई. कमी वाईट."

"आन् फडक्याखाली?"

"एकाहत्तर."

दुर्गाबाईने सदरा घडी करून बाजूला ठेवला. खुंटीवरची गुलाबी ओढणी काढली, चार पदरी केली, नाकावर धरून एक लांब श्वास घेऊन पाहिला आणि मग दुसरा.

"बसून काम आसंल तर जमंल," ती कापडाआडून म्हणाली. "सोनमला बी सांगते."